टाकीचं वळण

“टाकी आली,” बाबा म्हणाले. “आणि रंग दिलाय वाटतं तिला. छान दिसतेय.”

बाहेर शाळेची भिंत होती. लांबलचक, विटकरी, वरच्या कडेला काचांचे तुकडे रोवलेली शाळेची भिंत, आणि ती माझ्या खिडकीतून सावकाश मागे चालली होती. पाण्याची टाकी केव्हाच मागे पडली होती. टाकीचं वळण मी कधी घेतलं ते मलाच धड आठवत नव्हतं, इतकी सपाट वळली होती आज गाडी. आणि टाकीला रंग दिला होता हे खरंच होतं. फिकट हिरवा. आत्ता येतानाच मी पाहिला होता आणि मनात म्हटलं होतं, काय हा रंग, टाकी आहे की औषधाची बाटली! म्हणजे बाबांचं वाक्य खरं होतं, ते फक्त भलत्याच जागी पडलं होतं. मी “हं” म्हणाले. माणूस कशालाही हं म्हणतो. पण भर दुपारी, काचा खाली केलेल्या गाडीत, मला एकाएकी असं वाटलं की आम्ही दोघं एका गाडीत बसून दोन वेगळ्या रस्त्यांनी चाललो आहोत.

कारणं शोधण्यात मी पटाईत आहे. आरशात मागे पाहिलं असेल त्यांनी. वाक्य आधीच सुचलं असेल आणि जिभेवर यायला उशीर झाला असेल; वय झालंय, सगळंच उशिरा येतं. मी चोरून त्यांच्याकडे पाहिलं. ते समोर बघत होते, ताठ बसून, हात मांडीवर, नाकावर चष्मा. तो चष्मा माझ्या हातचा आहे. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत मी भिंगं घासते. फिरती चकती, तिच्यावर ठिबकणारं पाणी, आणि काच गुळगुळीत झाली की बोटांच्या टोकांना आधी कळतं, डोळ्यांना नंतर. शहरातले कितीतरी लोक माझ्या भिंगांतून पेपर वाचतात. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते, नस सुकत चाललीय. डावा गेला, उजव्यात राहील तेवढं राहील. चष्म्याचा फारसा उपयोग नाही. फारसा नाही म्हणजे थोडा आहे, असा अर्थ मी काढला. मग दर खेपेला जरा वेगळं, जरा जाड भिंग करून घरी न्यायचं, त्यांच्या कानांमागे काड्या बसवायच्या आणि विचारायचं, “आता?” ते भिंतीकडे, खिडकीकडे, मग माझ्याकडे तोंड करून म्हणायचे, “अगं, लख्ख!” त्या एका ‘लख्ख’वर माझे पुढचे कितीतरी दिवस आनंदात जायचे.

“ताई, बाबांना दिसत नाही,” धाकटी फोनवर म्हणते. धाकटी दुसऱ्या शहरात राहते, अधूनमधून येते, आणि आली की साखरेचा डबा जागेवर का नाही इथपासून तिची तपासणी सुरू होते. “मी त्यांच्यासमोर जाऊन गप्प उभी राहिले, ताई. त्यांनी मला ओळखलंच नाही.” “जाड झालीयस म्हणून,” मी म्हणाले. “कर, चेष्टा कर. डोळ्यांवर कातडं ओढून बसलीयस तू. घरात दिवसभर एकटा माणूस, गॅस पेटवतो, जिना उतरतो. उद्या काही झालं म्हणजे काय करायचं?” तिचं म्हणणं, बाबांना तिच्याकडे पाठवावं, नाहीतर दिवसभर घरात बाई ठेवावी. बाबांना दोन्ही नको. “मला दिसतंय तोवर मी माझ्या घरात माझ्या हातानं चहा करून पिणार,” ते एकदा म्हणाले, आणि आवाज असा की विषय तिथेच संपला. दिसतंय तोवर. त्या ‘तोवर’ला आम्ही तिघंही लोंबकळत होतो. दुपार त्यांची स्वतःची असते. चहा, रेडिओ, गॅलरीतली खुर्ची, खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याशी वरूनच चाललेला वाद. त्यांना उचलून धाकटीच्या उंचावरच्या बंद घरात नेऊन ठेवलं तर ते वाळून जातील हे मला कळतं. शिवाय पुरावा होता की माझ्याकडे. सुट्टीच्या दिवशी मी त्यांना याच रस्त्यानं पुलापर्यंत फिरवून आणते, आणि ते सांगत जातात: ही टाकी आली, ही शाळा, आता बघ, वखार येईल. एक जागा चुकत नाही. धाकटीला मी तेच ऐकवायची. न दिसणाऱ्या माणसाला टाकी कशी दिसते गं? ती फोन ठेवायची. या प्रश्नाला उत्तर असू शकतं हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मला भांडण जिंकायचं होतं.

शाळेची भिंत संपत नव्हती. ही भिंत नेहमीच लांब वाटते, लहानपणीही वाटायची. तेव्हा मी मागच्या सीटवर असायची आणि बाबा पुढे. गाडी हीच. हिला आम्ही म्हातारी म्हणतो, पण ती नवी होती तेव्हाही बाबा तिला म्हातारीच म्हणायचे, कारण वळणावर ती कमरेत वाकायची. बाबा गाडी शिकवायचे. छपरावर पाटी, आणि शिकवणाऱ्याच्या सीटपुढे वेगळा ब्रेक, वेगळा क्लच. लोकांनी शिकता शिकता हिला किती ठिकाणी ठोकली असेल ते म्हातारीच जाणे. बाबा तेव्हाही आत्तासारखेच शेजारच्या सीटवर बसायचे, आणि गंमत म्हणजे रस्त्याकडे फारसं बघायचेच नाहीत. शेंगदाणे खायचे, मागे वळून शिकाऊ माणसाच्या बायकोशी गप्पा मारायचे, आणि मध्येच, न बघता, “क्लच अर्धाच सोडलास,” म्हणायचे. लोक थक्क व्हायचे. “गाडी डोळ्यांनी चालवत नाहीत रे बाबा,” ते सांगायचे, “बुडानं चालवतात. गाडी काय करतेय ते आधी बुडाला कळतं.” आई म्हणायची, बायकांसमोर तरी नीट बोला. मला त्यांनीच शिकवलं, धाकटीलाही. आणि पुढे शिकवणं थांबलं, तो जास्तीचा ब्रेक काढून टाकला, तरी त्यांचा पाय काही विसरला नाही. मी जरा जोरात गेले की त्यांचा बूट समोरच्या पत्र्यावर दाबला जातो. नसलेला ब्रेक. पत्र्यावर तिथे चकचकीत डाग पडला आहे.

रविवारी संध्याकाळी आम्ही आत्याकडून परत यायचो. आई पुढे, मांडीवर पिशवी. मागे आम्ही दोघी, मी डावीकडे, धाकटी उजवीकडे. बाहेर अंधारत आलेलं असायचं, पोट भरलेलं, आणि म्हातारी अशी झुलत चालायची की आपण गाडीत आहोत की झोपेत आहोत हे मला कधी नक्की कळायचं नाही. सीटच्या रेक्झिनला उन्हाचा वास. आईच्या बांगड्यांचा आवाज येई, थांबे, परत येई. “डोळे मिटा,” बाबा म्हणायचे. “सांगा, कुठे आलो?” हा आमचा खेळ होता. डोळे मिटायचे आणि नुसत्या झुलण्यावरून सांगायचं. धाकटी माझ्यावर कलंडली की उजवं वळण, मी तिच्यावर कलंडले की डावं. कलंडणं लांबत गेलं, हळूहळू, घागर तिरकी व्हावी तसं, की टाकी. झटकन कलंडून झटकन सरळ झालं की शाळा. वखारीपाशी आधी एक हलका झोका, मग मोठा. मिटलेल्या पापण्यांच्या आत मला तो सगळा रस्ता दिसायचा, खऱ्या रस्त्यापेक्षा जास्त स्पष्ट, आणि त्या रस्त्यावर कधी माणसं नसायची. “वखार!” मी म्हणायची. “शाब्बास, मोठे!” बाबा म्हणायचे. “झोपू द्या हो पोरींना,” आई म्हणायची. खेळाचा नियम एकच होता, बाबांनीच केलेला: चुकेल त्यानं डोळे उघडायचे, आणि मग घर येईपर्यंत मिटायचे नाहीत. धाकटी पापण्यांच्या फटीतून बघायची, लबाड. मी कधी बघितलं नाही. मला बघायचंच नसायचं.

मी कधी बघितलं नाही. हे आत्ता, शाळेच्या भिंतीशेजारून जाताना, माझ्याच डोक्यात असं वाजलं की मी गिअर चुकीचा टाकला. “अगं, अगं,” बाबा म्हणाले. “म्हातारीचं कंबरडं आज नवं आहे, लगेच मोडतेस का?” आणि हसले. मीही हसले. हसताना ते माझ्याकडे वळले, चष्म्याच्या आत त्यांचा डोळा मोठा, पाणीदार दिसत होता आणि माझ्या कानाच्या जरा मागे कुठेतरी बघत होता. तो नेहमी तिथेच बघतो. मी त्याला त्यांची सवय म्हणत आले.

कुत्रं आडवं आलं तो दिवसही असाच सुट्टीचा होता. पुलाच्या अलीकडे, काही कारण नसताना, एक पांढरं कुत्रं रस्त्याच्या मधोमध येऊन विचार करत उभं राहिलं. मी ब्रेक दाबून स्टिअरिंग फिरवलं, म्हातारी एका अंगावर अशी कलली की आता ही आडवीच होणार, आणि बाबांचं डोकं खिडकीच्या काचेवर आपटलं. टण्णदिशी आवाज आला. कपाळावर टेंगूळ. मी गाडी बाजूला घेऊन रडायला लागले तर तेच मला समजवायला लागले, “अगं, काच शाबूत आहे ना? मग झालं तर.” मी सगळा दोष गाडीला दिला. ही गाडी आहे की पाण्यावरची खाट, असली झुलणारी गाडी म्हाताऱ्या माणसाला धोक्याची, वगैरे वगैरे. आठवडाभर मी तेच बोलत होते. पण आत्ता मला त्या दिवशीचा त्यांचा पाय दिसला. मी ब्रेक दाबला तेव्हा त्यांचा बूट पत्र्यावर गेला नव्हता. तो तिथेच, सैल, आरामात पडलेला होता. कुत्रं रस्त्यावर उभं असताना बाबांचा पाय स्वस्थ होता, आणि हे मी तेव्हाच पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि ठेवून दिलं होतं.

तर गाडीचा दोष काढायचा म्हणून मी गॅरेजवाल्याकडे गेले. हा बाबांचाच जुना विद्यार्थी, बडबड्या, आणि गाडी शिकताना याच म्हातारीला विजेच्या खांबावर चढवलेला. “ताई, स्वे बार घालून घ्या,” तो म्हणाला. “मागवून देतो. जुन्या मॉडेलचे नव्यानं बनवतात आता, शौकीन लोक घेतात. वळणावर गाडीची बाहेरची बाजू दबते आणि आतली उचलते, म्हणून झुलते ती. हा पोलादी दांडा पोटाखालून दोन्ही चाकांना धरून ठेवतो. एक दबलं की दुसऱ्याला म्हणतो, तूही चल खाली. मग गाडी सपाट. तुमच्या पुढच्या चाकांना कंपनीनं दिलाय तो करंगळीएवढा. मागे तर दिलाच नाही. नवा येईल तो अंगठ्याएवढा जाड!” आज सकाळी ते काम होतं. बाबांना मी घरी ठेवून येणार होते, पण ते आधीच बूट घालून तयार. “म्हातारीचं ऑपरेशन आणि मी घरी?”

गॅरेज टिनाच्या शेडमध्ये आहे. छपराला भोकं आहेत, त्यांतून उन्हाचे कवडसे खाली येतात आणि तेलकट जमिनीवर हळूहळू सरकतात. गाडी लोखंडी घोड्यांवर उचलली होती, चाकं लोंबकळत होती, आणि मी पाठीखाली पुठ्ठा घेऊन तिच्या पोटाखाली. त्या पोटाखाली एक वेगळीच शांतता असते. बाहेरचे आवाज दुरून येतात, पायच तेवढे दिसतात, आणि तोंडासमोर इतक्या वर्षांचा चिखल, गंज, तेल. जुना दांडा काढायला गेलो तर त्याच्या पकडीतलं रबर माझ्या बोटांत काळी पूड होऊन सांडलं. एक बोल्ट हटून बसला होता. गॅरेजवाला त्याला तेल पाजत होता आणि शिव्या घालत होता, मग माझ्याकडे बघून शिव्या बदलत होता. बाबा टायरवर बसले होते, मांडीवर फडकं, फडक्यावर पाने. मी हात बाहेर काढायची, “चौदा,” म्हणायची, आणि चौदाचा पाना तळहातावर यायचा. “सतरा.” सतरा. एकदाही चुकलं नाही. मी गाडीखालून त्यांचा हात बघत होते: अंगठा पान्याच्या तोंडातून एकदा फिरायचा, मग पाना यायचा. मला किती बरं वाटत होतं! संध्याकाळी धाकटीला फोन करून सांगायचं ठरवलं होतं मी, बाबांनी आज सगळे पाने दिले म्हणून.

नवा दांडा बसवायच्या आधी त्यांनी तो मागून घेतला. मांडीवर आडवा ठेवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांचा हात फिरला, वाकणावर थांबला, परत मागे गेला. “चांगला आहे,” ते म्हणाले. “दणकट आहे.” आणि मग, जरा वेळानं, “फार झुलणार नाही ना आता?” गॅरेजवाला म्हणाला, “काका, वळण आलेलं कळणारसुद्धा नाही तुम्हाला!” दांडा बाबांनी लगेच परत दिला नाही. मी खालून, “द्या ना बाबा, लवकर,” म्हणाले. मग त्यांनी दिला. पकडी बसल्या, नव्या रबरांना ग्रीस चोपडलं, गॅरेजवाला पाना घेऊन सगळं आवळायलाच निघाला होता, तेवढ्यात बाबांनी हटकलं, “आधी खाली घे तिला. चाकांवर वजन येऊ दे, मग शेवटचं आवळ.” “सवयीनं हात गेला, काका,” म्हणून त्यानं जीभ चावली. लोंबकळत्या चाकांवर आवळलं तर रबर पिळलेलंच राहतं, हे त्यालाही माहीत होतं, मलाही. गाडी खाली आली, चाकांवर बसली, आणि मग आम्ही एकेक बोल्ट आवळला. हात धुताना गॅरेजवाला काहीबाही बोलत होता, टाकीला रंग दिलाय, पाहिलात का काका? “पाहिला की परवा,” बाबा म्हणाले. परवा आम्ही कुठेच गेलो नव्हतो. मी साबण लावत होते.

हे सगळं माझ्या समोरच घडलं होतं, उन्हात, डोळ्यांदेखत. दांडा त्यांच्या मांडीवर होता तेव्हा त्यांना माहीत होतं तो काय करणार ते. माझ्याआधी माहीत होतं. नको म्हणाले असते तर का नको ते सांगावं लागलं असतं. म्हणून त्यांनी तो हातानं चाचपला, चांगला आहे म्हणाले आणि मला दिला.

शाळेची भिंत संपली. पुढे रस्ता जरा सरळ जातो, मग वखार. मी वेग कमी केला. मला पोचायचं नव्हतं. या सरळ रस्त्यावरच राहावं, ऊन असंच पडत राहावं, बाबा शेजारी ताठ बसलेले, आणि काहीही येऊ नये, ना टाकी ना शाळा ना पूल, असं मला इतकं मनापासून वाटलं की क्षणभर गाडी खरंच जागच्या जागी उभी आहे आणि दोन्हीकडची झाडंच सरकत आहेत असा भास झाला. मग वखारीचं वळण आलंच. पहिला हलका झोका आला नाही. मोठा झोका आला, पण तोही कसा, झटकन येऊन झटकन गेला.

“ही शाळा,” बाबा म्हणाले. “आज पोरं दिसत नाहीत. बरोबर, सुट्टी—”

आणि खिडकीतून ओल्या लाकडाचा वास आला. ताज्या कापलेल्या लाकडाचा, भुशाचा, गोडसर, घशात बसणारा वास. गाडीभर झाला. करवत चालू होती, तिचा आवाज वर चढला आणि उतरला. बाबांचं तोंड अर्धवट उघडं राहिलं होतं. ते त्यांनी हळूच मिटलं. त्यांचे हात मांडीवर होते, ते एकमेकांत गेले. मी गाडी वखारीच्या पुढे, रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. इंजिन थांबल्यावर म्हातारीच्या पोटात कुठेतरी टिक् टिक् होत राहिलं.

“मोठे,” ते म्हणाले. “शाळा मागे गेली ना?”

“गेली, बाबा.”

“आणि टाकी?”

“तीही.”

“हं.” त्यांनी मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी. “टाकीपाशीच चुकलो म्हणजे. मला वाटलंच होतं, आज ही फार वेळ सरळच कशी चाललीय.” मग जरासं हसून म्हणाले, “आपल्या खेळात चुकेल त्यानं काय करायचं असतं गं?”

मला रडू फुटलं. चांगलं मोठ्यानं, नाक वाहीपर्यंत, लहानपणी मार खाल्ल्यावर रडायची तशी. “काढून टाकते,” मी म्हणाले. “उद्याच्या उद्या काढून टाकते तो बार. मला नको.”

“खुळी आहेस का? म्हातारीला या वयात कुठे कंबर आली, ती मोडायची?” त्यांचा हात हवेत जरा शोधत आला आणि माझ्या डोक्याऐवजी सीटच्या पाठीवर पडला, मग सरकत माझ्या खांद्यावर. “मला आज ना उद्या चुकायचंच होतं.”

“कधीपासून, बाबा?”

“उजेड कळतो अजून. खिडकी कुठे आहे ते कळतं. बाकीचं... ती गोल काड्यांची फ्रेम आणलीस ना तू, त्याच्याही आधीपासून.”

“मग लख्ख का म्हणालात?” मी ओरडलेच. “दर वेळी लख्ख, लख्ख! मी धाकटीशी भांडत राहिले तुमच्यासाठी!”

“तू ‘आता?’ म्हणून विचारायचीस ना,” ते म्हणाले, “तेव्हा तुझा श्वास थांबलेला असायचा. तो मला ऐकू यायचा. त्या पोरीला काय सांगायचं मी?” त्यांनी माझ्या खांद्यावरचा हात काढून मांडीवर ठेवला. “आणि माझंही होतंच की. खरं बोललो असतो तर तुम्ही दोघींनी मला उचलून नेलं असतं. माझं घर मला पाठ आहे, मोठे. ओटा, जिना, खुर्ची, सगळं. तिथे मी आंधळा नाही. तिच्याकडे गेलो की होईन.”

रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि गाडी हलली. पूर्वी अशा वेळी म्हातारी डुलत राहायची; आता एकदाच हलली आणि गप्प झाली. मी पदरानं तोंड पुसलं. मला धाकटीचा राग आला, मग माझा आला, मग बाबांचा, आणि मग कुणावर रागवायचं तेच कळेना.

“धाकटीला सांगशील?” त्यांनी विचारलं.

“सांगावं लागेल.”

“सांग. पण माझा चहा...” आणि इथे त्यांचा आवाज फुटला. आई गेली तेव्हाही न फुटलेला आवाज, चहापाशी फुटला.

“चहा तुम्हीच करणार,” मी म्हणाले. “तुमच्याच घरात. धाकटी काय वाटेल ते म्हणू दे, तिच्याशी भांडायला मी खंबीर आहे. या वेळी खरं सांगून भांडेन. पण दिवसा तुमच्याजवळ कुणीतरी असेल. त्यावर वाद नाही. शांत बाई बघू, बडबड न करणारी.”

“बडबड करणारीच बघ गं,” बाबा म्हणाले. “न बोलणारं माणूस कुठे उभं आहे ते मला कळणार कसं? धाकटी आली होती मागे, समोर येऊन गप्प उभी राहिली. साबणाचा वास येत होता तिच्या अंगाला. मला कळत होतं कुणीतरी आहे, आणि कोण ते कळत नव्हतं. फार भीती वाटली होती मला.”

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. मी त्यांचा हात धरून बसले. करवत परत चढली आणि उतरली. मग ते म्हणाले, “चल, पूल राहिलाय,” आणि दोन्ही हातांनी, अगदी सावकाश, चष्मा काढला. काड्या मिटल्या. समोरच्या कप्प्याची कडी बोटांनी शोधली, चष्मा आत ठेवला, कप्पा लावला आणि नाक चोळलं.

“फार जड झाला होता गं हा,” ते म्हणाले. “पण तू इतकं मन लावून घासायचीस.”

त्यांच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल खड्डे पडले होते. चेहरा उघडा, लहान, ओळखीचा नसल्यासारखा दिसत होता. मी गाडी सुरू केली, आरशात पाहिलं आणि रस्त्यावर घेतली.

“आता डावीकडे वळतेय, बाबा,” मी म्हणाले. “उजवीकडे उसाच्या रसाचं दुकान आहे, बंद आहे. पुढे एक बाई सायकल हातात धरून चाललीय. वळले.”

गाडी सपाट वळली, आणि बाबा डोळे मिटून, आपले आपणच, जरासे उजवीकडे कलले.